एकदाच म्हणायचं मंगलाष्टक

भोकरदनच्या आपल्या स्टुडिओत तृप्तीने सकाळी दोन कॅमेरे समोर ठेवून तासभर डोकं खाजवलं होतं. खांद्यावर घ्यायचा जुना व्हिडिओ कॅमेरा दोन तास न कुरकुरता चालायचा, पण त्यात नवरीचा चेहरा पीठ फासल्यासारखा दिसायचा आणि बाहेरचा माइक लावायची जागा तर कधीच मोडली होती. नवा डीएसएलआर देखणं काम करायचा. मंडपाच्या सावलीतही पापणीचा केस न् केस टिपायचा, कॉलरच्या बिनतारी माइकचा आवाज थेट आत घ्यायचा. पण नखरेल. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं सलग व्हिडिओ घेतला की तापायचा, पडद्यावर लाल खूण लुकलुकायची आणि साहेब आपोआप बंद.

तरी तिने तोच उचलला, कारण यशश्री. शाळेपासूनची मैत्रीण, आजची नवरी. "बाकी कसंबी निघू दे," ती म्हणाली होती, "आबांचा आवाज तेवढा चुकवू नको."

यशश्रीचे वडील रामराव हसनाबादेत चाळीस वर्षं लोकांच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणत आले होते. सोमवारी संभाजीनगरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. लेकीसाठी स्वतः रचलेलं मंगलाष्टक आधी घरी रेकॉर्ड करू द्यायला त्यांनी बिलकुल नकार दिला. "मुहूर्ताशिवाय मंगलाष्टक म्हणत नसतेत. एकदाच म्हणीन, अंतरपाटासमोर."

मंडपात मोबाईल शंभर होते, पण त्यांत येणार होता तो कर्ण्यांचा आणि जनरेटरचा गोंगाट. रामरावांच्या कॉलरला माइक लावलेला होता, त्यामुळे त्यांचा खरा आवाज फक्त तृप्तीच्या कॅमेऱ्यात जाणार होता.

आणि तिथेच तिने माती खाल्ली. निवेदक म्हणाला, "मुहूर्त जवळ आला आहे," आणि तिने कॅमेरा चालू केला. आपल्याकडच्या निवेदकावर विश्वास ठेवायचा म्हणजे कमालच. त्यानंतर सत्कार सुरू झाले. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, धावड्याहून आलेल्या पाहुण्यांना फेटे बांधून झाले. आता होईल, मग होईल, म्हणून तिने बंद करायचं बटण दाबलंच नाही. अंतरपाट धरला गेला तेव्हा पडद्यावर लाल खूण लुकलुकत होती.

कॅमेरा आणखी चार-पाच मिनिटं टिकला तर नशीब. भटजींचं मंगलाष्टक झालं. आता नवऱ्याचे चुलते काकासाहेब, आणि शेवटी रामराव. काकासाहेब तीन कडव्यांत सगळ्या भावकीची नावं ओवतात, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. वरपक्षाचा मोठा माणूस. त्यांचं गाळलं तर बोभाटा होणार.

तिने कॅमेरा बंद केला.

जुन्या कॅमेऱ्याला समोर लाल दिवा होता, बंद केला की अख्ख्या मंडपाला कळायचं. याला नव्हता. सकाळी तिने ही उणीव म्हणून मोजली होती. आता तीच तिला वाचवत होती. काकासाहेब मिशीला ताव देत थेट कॅमेऱ्याकडे बघून गात होते आणि ती एक डोळा मिटून चित्रण करत असल्याचं सोंग वठवत होती. रुमालात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली तिने कॅमेऱ्याच्या अंगाला लावून धरली.

रामराव उभे राहिले. तिने बटण दाबलं. तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास आला, मग आवाज. घोगरा, पण सुरात पक्का. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ठसका लागला.

लाल खूण पुन्हा लुकलुकायला लागली. बॅंडवाल्याने काठी उचलून धरली होती. म्हणा आबा, जल्दी म्हणा, तृप्ती मनातल्या मनात विनवत होती. रामरावांनी गळ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि चौथी ओळ सावकाश, एकेक अक्षर जपत म्हटली. "शुभमंगल सावधान."

कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, बॅंड वाजला, हार पडले, आणि तृप्ती मेलेला कॅमेरा धरून उभी राहिली.

तासाभराने तो गार झाल्यावर तिने यशश्रीच्या कानाला हेडफोन लावला. आवाज 'सावधान'पर्यंत होता, श्वासासकट. यशश्री हुंदका आवरत ऐकत राहिली.

"हारांचं काहीच आलं न्हाई, यशू," तृप्ती कशीबशी म्हणाली.

"माझं?" काकासाहेब मागेच उभे होते.

"तुमचं घेतलंच न्हाई, काका. कॅमेरा तापल्ता. तुमचं घेतलं असतं तर आबांचं गेलं असतं."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. यशश्रीने हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. ऐकून झाल्यावर त्यांनी घडी घातलेला अंतरपाट उचलला आणि एक टोक स्वतः धरून नवऱ्यामुलाला दंडाला पकडून ओढलं.

"उभे राहा पुन्हा. हार घाला. हे तर कवाबी करता येतंय."

दोघं समोरासमोर उभी राहिली. तृप्तीने बटण दाबलं. सवयीने रामराव पुढे सरकले, त्यांनी 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं.

यशश्रीने अंतरपाटाच्या कडेने हात काढून त्यांच्या ओठांवर ठेवला.

"राहू द्या, आबा. तुमचं झालंय."