खळ्यावरच्या बायका आणि मी, रडकी बंदूक

मित्रांनो, बंदूक म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे जी उभी राहते, ती मी नव्हे. माझ्यातून गोळी सुटत नाही. मी एक जुनी, अश्रुधूर सोडणारी बंदूक आहे. आखूड, जाड नळीची आणि दिसायला काहीशी बेढब. नाशिकच्या एका पोलीस शस्त्रागारात, नाकाने कांदे सोलणाऱ्या रायफलींच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंड कातले गेले, घासले गेले आणि शेवटी एका तपासनिसाने माझ्या नळीत डोकावून म्हटले, "हिनं कोणी मरायचं नाही, फक्त पांगायचं." हे ऐकून मी हरखून गेले. जन्मताच असे बोल किती हत्यारांच्या वाट्याला येतात?

शस्त्रागाराचे हवालदार भिमाजी मला 'रडकी' म्हणत. फडक्याने पुसताना "काय रडके, बरं हाय ना?" अशी चौकशीही करत. हे कौतुक होते की चेष्टा, मला कधीच उमगले नाही. वर्षे गेली. सरावाच्या दिवशी रायफलींचा थाट व्हायचा आणि माझी पाळी आली की सगळ्यांना नेमका चहा आठवायचा. "त्यात काय शिकायचं? डोळे चुरचुरतात, लोक पळतात," असे म्हणून मंडळी मोकळी होत.

एक तेवढी अपवाद होती. पोलीस शिपाई तेजस्विनी, मूळची सायखेड्याची. शिकवणारे काय सांगतात ते ती कान देऊन ऐके. नळी आकाशाकडे तिरकी धरायची, माणसावर कधीही रोखायची नाही. कोंडलेल्या जागेत धूर सोडायचा नाही. वारा बघायचा. आणि लोकांना पळायला वाट आहे ना, हे सगळ्यात आधी बघायचे.

मग तो दिवस आला. सायखेड्याच्या रस्त्यालगत कांद्याची खळी आहेत. खळे म्हणजे व्यापाऱ्याचे मोठे आवार, तिथे बायका दिवसभर कांदा निवडतात. त्यांच्यातल्या मैनाला रस्ता ओलांडताना ट्रकने उडवले. ती वाचली, पण एक पाय कायमचा गेला. इथे गतिरोधक घाला, एवढेच मागणे घेऊन बायका रस्त्यावर बसल्या. दोन्ही बाजूंना ट्रक एकमेकांना खेटून उभे राहिले. दुपारी कोणीतरी एका ट्रकची काच फोडली, ड्रायव्हर खाली उतरले, शिवीगाळ सुरू झाली. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांत मला घेऊन तेजस्विनीही उभी होती. तेव्हा तिच्या साहेबांनी भोंग्यावरून इशारा दिला, की रस्ता सोडा, नाहीतर अश्रुधूर सोडावा लागेल.

आणि बायका चक्क हसल्या!

मी चक्रावले. मला घाबरून पळणारे लोक असतात असे ऐकले होते, हसणारे असतात हे कोणी सांगितले नव्हते. सगळ्यांत पुढे फुलाबाई बसल्या होत्या. वयस्कर, दम्याच्या जुन्या रोगी, पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "आम्हाला कसलं रडवता? जल्म गेला कांद्यात. डोळ्यातलं पाणी कवाच आटलंय आमच्या." बाकीच्यांनी पदर सावरले आणि मांडी आणखी पक्की घातली.

"मावशी, उठा हो," तेजस्विनी काकुळतीला आली. "हे कांद्यासारखं नाय. छातीत जातं."

"जाऊ दे की. तुझा धूर लय तिखट का माझा कांदा, बघू तरी."

तेजस्विनी साहेबांकडे वळली. "सर, एकीकडे खळ्याची भिंत आहे, दुसरीकडे कालव्याचं कुंपण. दोन्ही तोंडांना ट्रक. या बायका पळणार कुठं?"

"अगं, त्यानं काय कोणी मरतं का?" साहेब म्हणाले. जवळपास तेच बोल, जे ऐकून मी कारखान्यात हरखले होते. आज ते कानाला कसेसेच लागले, का ते कळेना.

हुकूम झाला. तेजस्विनीने मला तिरके धरले आणि चाप ओढला. धुराचे नळकांडे उंच गेले आणि बायकांच्या पलीकडे पडले. कोणाच्या डोक्याला लागले नाही. मला हायसे वाटले. पण धूर भिंतीला आपटून मागे फिरला आणि तिथेच कोंडला. बायका ट्रककडे धावल्या, ट्रकपासून परत भिंतीकडे धावल्या. फुलाबाई तेवढ्या उठल्याच नाहीत. आधी हसत होत्या, मग खोकत होत्या, मग नुसते तोंड उघडत आणि मिटत होत्या.

तेजस्विनीने मला शेजारच्या शिपायाच्या हातात कोंबले. "ट्रक मागं घ्या! आधी मागचा घ्या!" असे ओरडत, तोंडाला ओला रुमाल बांधून ती धुरात शिरली आणि फुलाबाईंना उचलून घेऊन आली. ट्रक मागे घ्यायला फारसा वेळ लागला नाही.

चौकशी झाली. मला टेबलावर ठेवले होते. इशारा दिला होता, नळी तिरकी होती, हुकूम रीतसर होता. माझ्या लोखंडी डोक्यात काही शिरेना. सगळे बरोबर होते, तर एवढे वाईट घडले कसे?

दवाखान्यातून सुटलेल्या फुलाबाई जबाब द्यायला आल्या. दारापासून खुर्चीपर्यंत येताना त्यांना दोनदा थांबावे लागले. त्यांनी मला निरखून पाहिले. "एवढीशीच हाय व्हय ही?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "मला वाटलं, कांदाच. मी अडाणी, माझं चुकलं. पण साहेब, तुम्हालाबी तसंच वाटलं व्हतं का?"

साहेबांनी मान खाली घातली. तेजस्विनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मी कोणाला मारण्यासाठी जन्मले नाही, हे खरे आहे. फुलाबाई आता खळ्यावर जाऊ शकत नाहीत, हेही खरे आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या, मला अजून समजलेले नाही. म्हणून एकच विनवणी करते. मी जीव घेत नाही म्हणून मला बिनधास्त उचलू नका. तुमच्यापैकी जो कोणी उद्या खाकी वर्दी घालेल, त्याने माझ्याकडे हात नेण्याआधी वाट अडवणारे ट्रक मागे घ्यायला सांगावे. माणसांना उठून जायला वाट मोकळी झाली, की कदाचित माझी गरजच उरणार नाही.