विक्रोळीहून घाटकोपरला

"मावशी, मोबाइल द्या इकडे. गाड्यांचे फोटो काढायचे नाहीत, माहीत नाही?"

"गाड्यांचे कुठं काढते गं? रुळांचे काढते," द्रौपदी म्हणाली.

"मग तर वाटच लागली!" विक्रोळीच्या पुलावर ड्युटीला असलेल्या त्या दिशा नावाच्या पोलीस पोरीनं कपाळाला हात लावला.

आता हिला सांगायचं तरी कुठून! द्रौपदीचा नवरा भीमराज लोकलचा मोटरमन. रिटायर झाला आणि वर्षाच्या आत अर्धांगानं आडवा पडला. डावा हात तेवढा शाबूत, गाडीचं हँडल दाबून फिरवायचा तो. डोकं शाबूत आहे की नाही, याची त्यालाच धास्ती. म्हणाला, "विक्रोळीहून घाटकोपरला येतानाचे रूळ दाखव. बघू, रस्ता आठवतो का."

ही बया घाटकोपरला गेली आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे झकास फोटो काढून आली. भीमराजनं ते पुन्हा पुन्हा पाहिले. गाडीचा रूळ बदलणारे सांधे भलत्याच बाजूला, रूळ भलतीकडेच वळलेले. "हा माझा रस्ता नाय. मी विसरलो गं सगळं," म्हणाला आणि ढसाढसा रडला. तेव्हापासून घास गिळेना.

द्रौपदीला उशिरा उमगलं. जन्मभर तिनं गाडी पाहिली ती फलाटावरून, समोरून येताना. त्याच्या केबिनच्या काचेतून रूळ कधी पाहिलेच नव्हते! डावं ते उजवं झालं होतं. चूक हिची आणि शिक्षा त्या बापड्याला. म्हणून आज ती विक्रोळीच्या पुलावर घाटकोपरकडे तोंड करून उभी होती.

दिशानं सगळं ऐकून घेतलं. "साहेब बघतायत, मावशी. पुसावेच लागतील." फोटो पुसले, फोन परत दिला. मग हळूच म्हणाली, "डोळ्यांनी बघायला बंदी नाय. बघा किती बघायचं ते."

द्रौपदी भर उन्हात उभी राहिली. पोरं पाढे घोकतात तसे तिनं रूळ घोकले.

घरी येऊन पलंगाच्या पायथ्याशी टेकली. "अहो, चूक माझी होती. मी उलट्या बाजूनं काढले. तुमी काय विसरला नाय."

भीमराजनं भिंतीकडे तोंड फिरवलं. समजूत घालतेय, त्याला वाटलं असणार. तिनं तरी सुरुवात केली. "विक्रोळी सोडली. पुढं एक रूळ फुटतो..."

"उजवीकडं," भीमराज म्हणाला.

"हो! उजवीकडंच!"

"मग सांधा. तिथं गाडी डावीकडं कलते जराशी."

हे तर कुठल्याच फोटोत दिसलं नसतं. द्रौपदीच्या डोळ्यांना धार लागली. भीमराजनं मान वळवली, समोर पाहिलं.

"सिग्नल?"

अगं बाई! तो बघायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हिरवा," ती म्हणाली.

भीमराजच्या डाव्या हाताची मूठ चादरीवर दाबली गेली, हळूच वळली. नजर समोर लागली होती. द्रौपदी चटकन उठली आणि त्याच्या वाटेतून बाजूला झाली.