मुठीकडून टोकाकडे

तिसऱ्यांदा पिळला तरी स्पंजातून पांढरेच पाणी निघाले, तेव्हा काकांनी भांडे खिडकीशी नेऊन उजेडात धरले. तांदूळ धुतल्यावर निघते तसे पाणी होते. आणि ही बॅट तर कालपासून खुंटीलाच टांगलेली, कोणी तिला हातसुद्धा लावला नव्हता.

त्यांनी पाणी मोरीत ओतले, नवे घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने. गोल गोल घासायचे नाही, घाण परत रबरात जिरते. मग सावलीत वाळवायचे. सुट्टीच्या आदल्या दिवशी वर पातळ प्लॅस्टिकचा कागद बसवायचा, एकही बुडबुडा न ठेवता. कारखान्याच्या खेळाच्या हॉलमध्ये टेबल टेनिसची दोन टेबले होती, बारा बॅटी होत्या, आणि एकोणीस वर्षांत एकही रबर वेळेआधी गेले नव्हते. सगळा कारखाना त्यांना बॅटकाका म्हणायचा. बॅटींना ते तळहाताच्या फोडासारखे जपत. बायको होती तेव्हा म्हणायची, “एवढ्या मायेनं कधी लेकीचं नाक पुसलं नाहीत.”

बायको गेली तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की याच हॉलच्या कोपऱ्यात बसून ती अभ्यास करायची, मोठ्यांचे चेंडू वेचून द्यायची. चेंडू वेचता वेचता खेळायला लागली, आणि चौदाव्या वर्षी भल्याभल्या फिटर-वेल्डरांना पाणी पाजू लागली. काकांना तिचा इतका अभिमान की तो लपवायला त्यांना सतत तिच्यावर ओरडावे लागे.

आता ती भिंतीपलीकडे नव्या शेडमध्ये कामाला होती. तिथे दगड दळून मैद्यासारखी भुकटी करत आणि पोत्यांत भरत. शेड सुरू झाली तेव्हा काकांनीच सुपरवायझरच्या मागे लागून तिला पोती भरायच्या यंत्रावर लावून घेतले होते. त्याला दीड वर्ष झाले. कायम व्हायला दीड महिना उरला होता. भिंतीत वर हवेसाठी जाळी होती, आणि जाळीच्या बरोबर खाली बॅटींच्या खुंट्या.

जेवणाच्या सुट्टीत हॉल भरला. जुना फिटर पहिलाच डाव हरला आणि बॅट नाचवत आला.

“बॅटकाका, हिला तेल लावता की काय? चेंडू नुसता घसरतोय.”

“तुझी नजर घसरते रे. बॅटीला कशाला बदनाम करतोस?”

सगळे हसले. पण काकांच्या मनात पाल चुकचुकली. फिटर खोटे बोलत नव्हता. चांगले रबर चिकट असते, हवेत तरंगेल ते धरून ठेवते. आणि सकाळी पुसलेल्या रबरावर दुपारपर्यंत काहीतरी बसत होते.

लेक टेबलाशी आली. सर्व्हिस करण्याआधी तिची एक खोड होती. बॅट तोंडाशी धरून ‘हाऽ’ करायची, काळ्या रबरावर वाफ धरली की तळव्याने पुसायची आणि मगच चेंडू उडवायची.

“हजारदा सांगितलं, तोंडाची वाफ रबराला लावू नये,” काका सवयीने ओरडले.

“हजारदा ऐकलं, बाबा,” तीही सवयीने म्हणाली आणि तिने ‘हा’ केले. तो अर्ध्यातच मोडला. खोकला आला तो थांबेचना. एका हाताने टेबल धरून ती वाकली. चेंडू टपटपत भिंतीपर्यंत गेला, पण कोणी उचलला नाही.

फिटरचे हसू मावळले. “शेडमधल्या सगळ्यांनाच आहे हा खोकला,” तो काकांना हळूच म्हणाला. “हिच्याच यंत्रावर दुसऱ्या पाळीला जो होता ना, त्याला आता जिना चढवत नाही. चाळिशीसुद्धा नाही उलटली त्याची.”

संध्याकाळी घरी जाताना बापलेक नेहमीच्या रस्त्याने निघाली. पुलाचा चढ लागला तशी ती कठड्याला टेकून उभी राहिली. दूरवर काहीतरी बघत असल्याचा आव तिने आणला. काकांनीही तिकडेच बघितले.

“सोड ती शेड,” शेवटी ते म्हणाले. “विषाची परीक्षा कशाला बघायची?”

“विष कसलं? दगडाची धूळ आहे ती.” तिने दम घेतला. “परवा तपासणी आहे, बाबा. तुम्ही काही बोलायचं नाही. दीड महिना राहिलाय. तुम्हीच हातापाया पडून लावलंत ना मला?”

काकांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. उरलेला चढ दोघे सावकाश चढले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर स्वतः हॉलमध्ये आला. “काका, उद्या तपासणीचे साहेब येतायत. हॉल कसा आरशासारखा दिसला पाहिजे.” हे काकांना सांगायला हवे होते का? तपासणीच्या दिवशी ते तासभर आधी आले. टेबले पुसली, खिडक्या पुसल्या, शिडी लावून जाळीसुद्धा पुसली. बाराच्या बारा बॅटी धुऊन, वाळवून, कागद लावून टांगल्या. चार वेळा पाणी बदलावे लागले.

तपासणीस साहेब तरुण होता, चष्म्यातला, शांत. शेडमध्ये त्या दिवशी यंत्रे निम्म्या वेगाने चालवली होती, तरी त्याला शंका होतीच. सुपरवायझरने त्याला हॉलमध्ये आणले.

“साहेब, ही मधली भिंत. वर जाळी उघडी आहे बघा. धूळ बाहेर येत असती तर इथं दिसली नसती का?”

साहेबाने इकडेतिकडे बघितले. एक बॅट काढली, कागद सोलला आणि काळ्या रबरावरून अंगठा फिरवला. अंगठा उजेडात धरला. स्वच्छ.

“कॉलेजात खेळायचो मी,” तो काकांकडे वळून म्हणाला. “इतकी निगा नव्हती बघितली कधी. बॅट ठेवावी तर अशी.”

काकांची छाती फुगली. ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केली नाही. त्या दोन-चार क्षणांत बोलता आले असते. मोरीजवळ चौथे भांडे अजून तसेच होते, ते दाखवता आले असते. पण लेकीने बजावलेले आडवे आले, आणि खरे सांगायचे तर ते कौतुकही आडवे आले. साहेबाने वहीत काहीतरी लिहिले, वही मिटली आणि तो गेला. मग काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ती धूळ कोणी लपवली असेल, तर त्यांच्याच हातांनी. आजच नव्हे, गेले दीड वर्ष, रोज सकाळी, मुठीकडून टोकाकडे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फिटरने बातमी आणली. ज्याला जिना चढवत नव्हता तो माणूस गेला. लेक तेव्हा टेबलाशीच होती. तिने बॅट खाली ठेवली आणि डाव अर्धा टाकून शेडमध्ये परत गेली.

त्या दुपारी काकांनी लेकीची बॅट घेतली. नीट पुसली, वाळवली, आणि काळ्या बाजूच्या फक्त अर्ध्या भागावर कागद बसवला. अर्धी उघडीच ठेवली. तशी ती जाळीखाली टांगली आणि बाकीच्या अकरा बॅटी रोजच्यासारख्या पुसू लागले. ती एक मात्र त्यांनी सोडली. रोज सकाळी हात आपोआप तिकडे जायचा, आणि रोज त्यांना तो मागे घ्यावा लागायचा.

चौथ्या दिवशी लेकीच्या लक्षात आले.

“बाबा, माझी पुसली नाहीत?”

“नाही.”

ती बॅटीकडे बघत राहिली. अर्ध्या भागावर भुरी धरली होती.

“कायम व्हायला वीस दिवस राहिलेत,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला.”

स्पंज तिथेच होता. ओला करून एक हात फिरवायचा अवकाश, सगळे मिटले असते. काका अंग चोरून उभे होते. लेकीने बॅट खुंटीवरून काढली, मूठ तेवढी रुमालाने पुसली आणि परत होती तशीच टांगली.

“जाळीच्या आणखी जवळ लावा,” ती म्हणाली. “तिथं जास्त येतं.”

आठवड्याने काकांनी ती बॅट पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, रजा टाकली आणि तपासणीस साहेबाचे ऑफिस गाठले. दोन तास बाकावर बसवले त्यांना. आत गेल्यावर त्यांनी खोके उघडले आणि साहेबासमोर कागद सोलला. अर्धे रबर काळेभोर, अर्धे चुना फासल्यासारखे. साहेबाने अंगठा फिरवला. या वेळी तो अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“त्या दिवशी तर स्वच्छ होती ही.”

“त्या दिवशी मी पुसली होती, साहेब,” काका म्हणाले. “मी रोज पुसतो.”

एवढे बोलले आणि त्यांना रडू फुटले. पन्नाशी उलटलेला माणूस परक्या ऑफिसात ढसाढसा रडला आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

दहाव्या दिवशी शेडला कुलूप लागले. लेकीचे कायम होणे तीन दिवसांवर आले होते, ते गेले. हॉलही बंद झाला आणि काकांना गेटवर बसवले. शेडमधल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले. डॉक्टरांनी लेकीचा फोटो दिव्यावर लावून काकांना दाखवला. “वेळेत बाहेर काढलंत म्हणायचं की उशिरा, ते आत्ताच सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “नवीन धूळ नको. आत बसली ती मात्र निघत नाही.”

काका त्या फोटोतल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत बसले. काळ्यावर पांढरे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

महिन्याभराने, एका दुपारी, साहेबाच्या ऑफिसातून बॅट परत आली. काकांनी ती धुतली, सावलीत वाळवली आणि लेकीजवळ नेली. ती खिडकीपाशी दोन उशा पाठीशी घेऊन बसली होती. अलीकडे तिला आडवे होऊन झोपवत नसे.

“आली का माझी?” तिने बॅट हातात घेतली, मनगटात फिरवून बघितली. मग सवयीने तोंडाशी धरली आणि ‘हा’ केले.

श्वास पुरला नाही. काळ्या रबरावर नाण्याएवढी वाफ धरली, तेवढीच. ती पुसायला तिचा तळवा उचलला गेला, पण मध्येच थांबला. तिने बापाकडे बघितले. आता तो ओरडेल असे तिला वाटले असावे. ओरडला असता तर तिला बरेही वाटले असते.

काकांनी तिच्या हातून बॅट अलगद घेतली. खिशातला प्लॅस्टिकचा कागद काढला आणि ती वाफ उडून जायच्या आत, न पुसताच, तिच्यावर बसवला. मग मुठीकडून टोकाकडे अंगठा फिरवत राहिले, आत एकही बुडबुडा राहू नये म्हणून.