अर्ध्या मिनिटाची शांतता

मित्रांनो, मला डोळे नाहीत हे आधीच सांगतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, बातमीदारांनी खांद्याला अडकवून फिरवलेला. जे कानावर पडलं तेवढंच मला माहीत. आता मी रेडिओ केंद्राच्या कपाटात असतो, पण स्वस्थ असतो असं नाही. बाहेर दार वाजलं की वाटतं, कुणाचं काही राहिलं तर नाही ना? कुणी रडत तर नाही ना? ऐकण्याची सवय अशी सुटत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. तिथे एका बाईने माझ्या माइकवर नखाने टकटक केली आणि तिच्या भाषेत एक, दोन, तीन म्हटलं. तो मी ऐकलेला पहिला आवाज. त्यानंतर खोक्यात बराच काळ सामसूम, आणि मग डग्लस. डग्लस हे अमेरिकेतलं गाव संपतं आणि कुंपणाच्या पलीकडे लगेच अग्वा प्रिएता हे मेक्सिकोतलं गाव सुरू होतं. रेडिओच्या लाटांना कुंपण नसतं, त्यामुळे आमचं केंद्र दोन्हीकडे ऐकलं जाई. इकडच्या स्वयंपाकघरात आणि तिकडच्या न्हाव्याच्या दुकानात एकाच वेळी तीच बातमी.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. शाळेचे फुटबॉलचे सामने, महापौरांची लांबच लांब भाषणं, एकदा तर बैल उधळला त्याची बातमी. केंद्राचे तंत्रज्ञ एवारिस्तो काका मला रोज फडक्याने पुसत आणि नव्या मुलांना सांगत, "हा गाढवासारखा आहे. ओझं वाहील, कुरकुर करणार नाही." याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं.

मग मी डेल्फिना किहादाच्या खांद्यावर आलो. ती याच गावातली. भरभर चालायची, त्यामुळे मी तिच्या कमरेवर सतत आपटायचो.

एकदा आम्ही पलीकडे गेलो. लष्कराने पकडलेल्या बंदुका पत्रकारांना दाखवायला टेबलांवर मांडल्या होत्या. कॅमेऱ्यांचे खटके पडत होते. एक अधिकारी आकडे वाचत होता आणि सगळे ते उतरवून घेत होते. डेल्फिनाने विचारलं, "साहेब, या आल्या कुठून?"

"ते तुमच्या बाजूला विचारा, बाई."

आठवड्याने आम्ही आमच्या बाजूला, बंदुकांच्या जत्रेत. लाह्यांचा वास डेल्फिनाला आला असेल, मला फक्त त्या फुटताना ऐकू आल्या. लहान मुलं इकडून तिकडे पळत होती. एका विक्रेत्याला तिने तेच विचारलं.

तो हसला. "पोरी, इथे ओळखपत्र बघतो, फॉर्म भरून घेतो, फोन करून चौकशी करतो. सगळं कायद्याने. बंदूक दारातून बाहेर गेली की ती कुठे जाते, ते त्यांच्या बाजूला विचार."

परतताना गाडीत ती एकटीच बडबडत होती. "यांचं ते सांगतात, त्यांचं हे सांगतात. मधलं कोण सांगणार?"

मधलं सांगायला ओफेलिया पुढे आली.

ओफेलिया डेल्फिनाची शाळेतली मैत्रीण, गावातल्या बंदुकीच्या दुकानात काउंटरवर काम करायची. तिला पाच वर्षांची मुलगी होती, नायेली. नवरा नव्हता. बोलायचं कुठे, हाच प्रश्न होता. केंद्रावर आली असती तर तासाभरात गावभर झालं असतं. घरी सासू. शेवटी ठरलं की रविवारी दुपारी दुकान बंद असताना ती साफसफाईला जाते, तेव्हा तिथेच. डेल्फिनाने गाडी चर्चमागे लावली आणि मागच्या दाराने शिरली.

"फॉर्मवर एक प्रश्न असतो," ओफेलिया सांगत होती. तिचा श्वास लागला होता. "ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? एक माणूस येतो, 'हो'वर खूण करतो, कारण दुसऱ्यासाठी घेणं गुन्हा. दर वेळी 'हो'. एका आठवड्यात सहा, अगं. एकाच जातीच्या. एका माणसाला सहा कशाला लागतात?"

"मालकांना सांगितलंस?"

"लायलना? ते म्हणाले, कागद बरोबर आहे ना, मग आपण कोण विचारणार. वाईट नाहीत गं ते. नायेलीला रोज लिमलेटची गोळी देतात."

नायेली काउंटरखाली बसून चित्र काढत होती. खडूची खसखस मला ऐकू येत होती. मध्येच तिने विचारलं, "आई, तू का घाबरलीस?"

"नाही गं. गरम होतंय."

बोलणं संपलं. आणि मग डेल्फिनाने तेच केलं जे एवारिस्तो काकांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. रेडिओची माणसं मुलाखतीनंतर अर्धं मिनिट गप्प बसतात आणि रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घेतात. बोलणं कापून जोडलं की सांधे कळू नयेत म्हणून तो खाली अंथरायचा. काका म्हणत, "खाली खोली नसली की आवाज हवेत लोंबकळतो, पोरी." तिघी गप्प बसल्या. नायेलीने तर श्वासही कोंडून धरला. मी ती खोली अगदी मन लावून टिपली. फ्रीजची घरघर. रस्त्यावरचा एक ट्रक. आणि छतावरचा कूलर, ज्याचा पट्टा सैल होता. कीऽऽ, ठक. कीऽऽ, ठक.

यानंतरची काळजी त्यांनी किती घेतली म्हणून सांगू! ओफेलियाचं नाव बदललं. गावाचं नाव गाळलं. तिचा शब्द न् शब्द दुसऱ्याच एका बाईकडून वाचून घेतला. डेल्फिनाने ते तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "आता हिची आईसुद्धा ओळखणार नाही." कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. सकाळी आठला, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, त्यातला एक छोटा तुकडा ऐकवला गेला. लोकांनी संध्याकाळी कान द्यावा म्हणून.

नऊच्या सुमारास फोन वाजला. डेल्फिनाच्या टेबलावर मी तारेने फोनला जोडलेलाच असे.

"काय केलंत गं तुम्ही?" ओफेलिया कुजबुजत होती.

"काय झालं? आवाज तुझा नव्हता. नाव तुझं नव्हतं."

"आवाज माझा नव्हता. कूलर आमचा होता!"

डेल्फिना खटकन उठून उभी राहिली.

"लायल मोठ्याने हसले. म्हणाले, 'ओफेलिया, ऐकलंस? हा आपला कूलर! आपला म्हातारा रेडिओवर आला!' आणि तो काउंटरवर उभा होता, डेल्फिना. तोच. फॉर्म भरत होता. त्याचं पेन थांबलं. त्याने आधी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे."

"काही बोलला?"

"काही नाही. फॉर्म तसाच टाकून गेला. नायेली साडेबाराला शाळेतून सुटते. मी काय करू, सांग ना!"

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण जरा कमी चांगलं काम केलं असतं तर! माइक जुना झाला असता, टेप घासली असती, काहीही. पण मी त्या कूलरचा एकही ठोका सोडला नव्हता.

डेल्फिनाने काकांना सगळं सांगितलं. काकांनी खुर्ची ओढली. मग म्हणाले, "तो आवाज मी अंथरला. तू नाही."

"संध्याकाळचं रद्द करा, काका."

"दोन महिन्यांची मेहनत आहे, पोरी. तिच्याशिवाय काय उरतं? आकडे."

"तिला पाच वर्षांची पोर आहे."

"ठीक आहे, रद्द. पण नुसतं रद्द करून भागेल का?" काका येरझारा घालू लागले. त्यांच्या बुटांची करकर मला ऐकू येत होती. "अचानक गप्प बसलो तर तो म्हणेल, बघा, घाबरले. म्हणजे खरंच ती तिथलीच." मग बूट थांबले. "डेल्फिना, मे महिना आहे. गावात कुणाचा कूलर किंचाळत नाही?"

"खोटं एकही वाक्य बोलायचं नाही," ती म्हणाली.

"एकही नाही. कूलर खरेच असतील."

त्या दिवशीसारखी धावपळ मी आयुष्यात केली नाही. डेल्फिना आधी शाळेत गेली, नायेलीला घेतलं आणि मागच्या सीटवर बसवलं. मग न्हाव्याच्या दुकानात, लाँड्रीत, टायरवाल्याकडे. न्हावी म्हणाला, "बातम्या संपल्या वाटतं तुमच्या?" चर्चमध्ये पाद्री म्हणाले, "टिपून घ्या, टिपून घ्या. माझ्या प्रवचनापेक्षा लोक याचंच जास्त ऐकतात." नायेली प्रत्येक ठिकाणी विचारायची, "आई कुठेय?" आणि डेल्फिना म्हणायची, "येईल. आता येईल." टायरवाल्याचा कूलर ऐकून मी दचकलोच. कीऽऽ, ठक. अगदी तोच!

संध्याकाळी सहाला गावाने बंदुकांची बातमी ऐकली नाही. कूलर ऐकले. अकरा कूलर, एकापाठोपाठ एक, आणि डेल्फिनाचा प्रश्न, "तुमच्या छतावर कोण गातंय?" फोन थांबेचनात. पलीकडून, अग्वा प्रिएतातूनही आले. एक आजी म्हणाली, सकाळी बातम्यांत वाजला तो तिचाच होता. टायरवाला म्हणाला, तो त्याचा. एवढ्यात लायलचा फोन आला.

"काय बोलता राव! सकाळचा तो माझा आहे. मी वीस वर्षं ऐकतोय त्याला!"

"लायल, तुझा कूलर चालतो तरी का?" टायरवाला दुसऱ्या फोनवरून ओरडला. "एवढ्या बंदुका विकतोस, एक पट्टा आणवत नाही तुला!"

गाव हसलं. काकाही हसले. डेल्फिना हसली नाही. तिने आवाजाची कळ खाली केली आणि हात तोंडावर धरला. मला ते ऐकू आलं.

वाटलं, निभावलं. पण लायल माणूस मानी. टोमणा त्याला झोंबला आणि त्याने दुसऱ्याच दिवशी पट्टा बदलला.

सोमवारी तो फॉर्म टाकून गेलेला माणूस परत आला. फॉर्म भरला. 'स्वतःसाठी' वर खूण केली. चौकशीत काही निघालं नाही, कारण निघण्यासारखं काही नव्हतं. ओफेलियाने दोन बंदुका खोक्यात घालून त्याच्या हातात दिल्या. कायद्याने. जाता जाता तो म्हणाला, "कूलर दुरुस्त केलात वाटतं."

बस, एवढंच. सहज म्हणाला की मुद्दाम, कुणाला सांगता येईल? ओफेलियाने फोनवर ते वाक्य डेल्फिनाला चार वेळा म्हणून दाखवलं, चार वेगवेगळ्या सुरांत. कधी ते साधं वाटे, कधी नाही.

"मी नायेलीला घेऊन जातेय," ती म्हणाली.

"ओफेलिया, मला माफ कर."

"माफीचं नंतर बघू. कुणाला तरी माहीत असावं म्हणून सांगते, आम्ही कुठे जातोय ते." आणि तिने गावाचं नाव घेतलं.

डेल्फिनाच्या लक्षात आलं की माझा लाल दिवा चालू आहे. खटकन बटण दाबलं. टेप मागे घेतली आणि पुसली. मग रविवारची टेप पुसली. मग त्या बाईने वाचलेली. काका शेजारी उभे होते, पण त्यांनी एकदाही 'थांब' म्हटलं नाही.

बंदुकांची बातमी पावसाळ्यानंतर लागली. तिच्यात ओफेलिया नव्हती. डेल्फिनाने तो फॉर्मच मोठ्याने वाचला, प्रश्नामागून प्रश्न, आणि त्यातल्या एका प्रश्नावर थांबली. पलीकडच्या अधिकाऱ्याचं वाक्य आणि जत्रेतल्या विक्रेत्याचं वाक्य तिने शेजारी शेजारी ठेवलं. मोठ्या शहरातले टीव्हीवाले आले, दीड मिनिटाचं काही करून गेले. त्यांनी टेबलावर मांडलेल्या बंदुकाच पुन्हा दाखवल्या म्हणे. आमच्या केंद्राला एक सन्मानपत्र मिळालं. ते भिंतीवर लागलं आणि मी कपाटात गेलो, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या खिशात माझ्याहून हलकी, माझ्याहून चलाख यंत्रं आली होती. माझा पट्टा कडक झाला आहे. बॅटरीच्या जागी हिरवा गंज धरला आहे. त्याचं फारसं दुःख नाही.

दुःख वेगळं आहे. तुम्ही मुलं आता खेळता खेळता कुणाचाही आवाज टिपता, कुणाचंही चित्र काढता आणि पाठवून देता. मी चोख काम केलं होतं, मित्रांनो, आणि त्या चोख कामानेच एका आईची झोप गेली. म्हणून एवढंच मागतो. कुणी विश्वासाने काही सांगितलं, तर त्याचं नाव झाकलं म्हणजे झालं असं समजू नका. पाठवण्याआधी एकदा पुन्हा ऐका. तो माणूस गप्प झाल्यावर मागे काय वाजत होतं, तेही ऐका.

टेप पुसली गेली, पण गावाचं ते नाव मी ऐकलेलं आहे. तिथे नायेली आता तुमच्याहून मोठी झाली असेल. कोणतं गाव, ते मात्र मला विचारू नका.