चार काळ्या खिडक्या

चिलीतल्या चिलोए बेटावर, कास्त्रो गावात, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नेलिदा बार्रिया चार बेटांवरच्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायची. चारही तिच्या एकाच पडद्यावर, चार खिडक्यांत उघडे. इंटरनेट असं, की बटण आत्ता दाबावं आणि काम किटलीला वाफ धरल्यावर व्हावं. तेवढाच वेग वाढावा म्हणून तिने खिडक्यांमागची रंगीत चित्रं बंद केली होती. त्यामुळे चारही सारख्याच काळ्या. तिला हे काम देणारा कंत्राटदार म्हणे, वर बेटाचं नाव असतं, ते वाचत जा. दिवसाला शंभरदा खिडकी बदलून बघ म्हणावं, मग सांग.

बेटांवर मोबाईलला रेंज नव्हती. तिथली माणसं दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडून लिहायची, ती त्याखाली उत्तर लिहायची. इतरांचं बोलणं प्रिंटरपुरतं. केतुई बेटावरचा कंपाउंडर एवारिस्तो मात्र प्रिंटर झाला की मेंढ्यांवर यायचा, मग वाऱ्यावर, मग आपल्या गुडघ्यांवर. नवरा गेल्यापासून नेलिदाशी रोज बोलणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. तीन वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

आज तो निवृत्त होत होता. साडेदहाला त्याची अक्षरं एकेक करत रांगत आली.

"लेक तिकडे लांब, पुंता आरेनासला बोलावतेय. अकराच्या बोटीने जाऊ, की इथंच राहू? राहिलो तर दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येईन. तुम्ही म्हणाल तसं."

नेलिदाने ते दोनदा वाचलं. ती उत्तर जुळवतेय तोच मेउचे बेटावरची नर्स रोसाल्बा हिची लशींची यादी अडकली. ती सोडवून नेलिदा परत आली, म्हणजे आपण परत आलो असं तिला वाटलं, आणि चित्र उतरायची वाट न बघता, मनाचा हिय्या करून तिने लिहिलं, "जाऊ नका. थांबा."

पडद्यावर काहीच उमटेना. हे नेहमीचंच होतं. केस नीट करून ती वाट बघत बसली, जणू तो तिला बघणारच होता. सव्वाअकराला उत्तर आलं.

"नेलिदाबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

एवारिस्तो तिला बाई म्हणत नसे. तिने वर पाहिलं. मेउचे.

तिने घाईघाईने केतुईची खिडकी उघडली. चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरलं. त्याच्या प्रश्नाखाली दहा पंचावन्नची एक ओळ होती: "गप्प आहात. कळलं मला. राग नाही हो. निघतो."

तिने तरीही खाली "थांबा" लिहिलं. अक्षरं एकेक करून उमटली. ती वाचायला त्या खोलीत आता कुणी नव्हतं. नेलिदा टेबलावर डोकं टेकून रडली, चांगली हुंदके देऊन.

डोळे पुसून तिने मेउचेची खिडकी पुढे घेतली. तोवर रोसाल्बाने आणखी लिहिलं होतं.

"बदलीचा अर्ज लिहायलाच बसले होते. दोन वर्षांत इथं मला थांब म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. पेशंट होता म्हणून उत्तराला उशीर झाला, रागावू नका. खरंच थांबू?"

ते तुझ्यासाठी नव्हतं गं, असं नेलिदाने अर्धं लिहिलं. मग ते पुसलं.

"थांब," तिने लिहिलं, "आणि रविवारी जेवायला ये."