एका हातापुरती सायकल

वनमालाने उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि सायकलच्या डाव्या ब्रेकवर ठेवला. एकेक बोट लिव्हरभोवती वळवलं. मग उजवा हात बाजूला घेतला. डावी बोटं जराशी थरथरली, लिव्हर हलली नाही, आणि हात घसरून पुन्हा तिच्या मांडीवर आला.

समोर स्टुलावर बसलेला चंद्रप्रकाश बघत होता.

"कालच्यापेक्षा बरं वाटलं," तो म्हणाला.

"हं."

"स्प्रिंग कडक आहे. इतकी वर्षं डब्यात पडून होती ना. मोकळी होईल हळूहळू."

खुर्चीत बसल्या बसल्या वनमालाने पुन्हा उजव्या हाताने डावा हात उचलला.

ही सायकल त्यांच्या अंधेरीच्या घरात हॉलच्या भिंतीवर टांगलेली असायची. वनमाला राज्याकडून शर्यतींत उतरायची, तेव्हाची. तिचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. इटलीची फेरी झाली की कधी फ्रेम, कधी चाकं, कधी गिअर असं करत त्याने सगळं सामान आणलं आणि ते जोडलं चंद्रप्रकाशने. तो तेव्हा मरोळच्या एका कारखान्यात टूलरूमला नुकता लागला होता. भावाचा मित्र म्हणून सायकल जोडायला त्यांच्याकडे यायचा, आणि सायकल पुरी झाल्यावरही येत राहिला. लग्न झालं, वनमाला बँकेत लागली, निधीचा जन्म झाला, शर्यती सुटल्या. सायकल भिंतीवर गेली. दर दसऱ्याला चंद्रप्रकाश ती उतरवून पुसायचा, झेंडूचा हार घालायचा आणि परत टांगायचा. आल्यागेल्याला सांगायचा, हिच्यात एक स्क्रूसुद्धा बाहेरचा नाही.

गेल्या वर्षी वनमालाला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणंही सावरलं. डावा हात खांद्यातून उचलला जायचा, पण मूठ वळत नव्हती. हॉस्पिटलमधून घरी येऊन थोडे दिवस झाले आणि एका सकाळी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ती खाली काढ. मला चालवायचीय."

त्या एका वाक्यावर चंद्रप्रकाश उभा राहिला. सायकल उतरवल्यावर कळलं, की बाहेरून चकचकीत असली तरी आतून ती संपत आली होती. केबल गंजलेल्या, ब्रेकचे रबर दगडासारखे, बेअरिंगमधलं ग्रीस वाळून मेण झालेलं. डावी लिव्हर तडकलेली. हे सगळं त्याच कंपनीचं, त्याच काळातलं मिळवायचं, असं त्याने ठरवून टाकलं. घाटकोपरला जुन्या सायकलींचं सामान विकणारा भीमराज त्याला म्हणाला होता, "काका, जपानी बसवा ना. आज नेतो म्हणालात तर आज देतो." चंद्रप्रकाशने नुसती मान हलवली होती. जपानी माल वाईट नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. पण ही सायकल जशी होती तशी उभी राहिली, की बाकीचंही तसंच उभं राहील, असं काहीतरी त्याच्या मनाने धरलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

अखेर पंधरा दिवसांपूर्वी ती डावी लिव्हर मिळाली होती. न वापरलेली, मूळच्या डब्यातली.

वनमालाचा हात पुन्हा घसरला. या वेळी तिने तो उचलला नाही.

"प्रकाश, ऋतिका तुझ्याशी बोलली ना?"

ऋतिका म्हणजे तिला व्यायाम द्यायला घरी येणारी फिजिओथेरपिस्ट. चंद्रप्रकाशने पान्हा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"कशाबद्दल?"

"हाताबद्दल."

मागच्या आठवड्यात लिफ्टपाशी त्यानेच ऋतिकाला विचारलं होतं. ती मुलगी जरा थांबली होती आणि मग म्हणाली होती, "काका, खांदा अजून सुधारेल. पकड यायची असती तर आतापर्यंत थोडी तरी आली असती. मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाहीये." लिफ्ट आली, ती गेली. त्यानंतर घरात यायच्या आधी चंद्रप्रकाश बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिला होता.

"असंच काहीतरी म्हणाली," तो आता म्हणाला. "डॉक्टर लोक म्हणतातच. व्यायाम सोडायचा नाही आपण."

"मला तिने दिवाळीतच सांगितलं होतं," वनमाला म्हणाली. "मीच तिला म्हटलं, त्याला लगेच सांगू नकोस."

चंद्रप्रकाशने हातातला पान्हा खाली ठेवला.

"मग रोज संध्याकाळी हे... लिव्हर दाबायला का बसतेस?"

"तू इतकं मन लावून करत होतास."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे गेली. चंद्रप्रकाशने फडक्याने हात पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं.

"मग चालवायची कशी म्हणतेस?"

"एका हाताने. दोन्ही ब्रेक उजवीकडे घे. गिअरही उजवीकडे. तीनचाकी सायकलींना एका लिव्हरवर दोन केबल असतात, मी मोबाइलवर बघितलंय. हँडलही सरळ लागेल, इतकं वाकायला मला नाही जमणार."

"म्हणजे हिचं काय राहिलं?"

"फ्रेम राहील की."

"वनू, तुला दुसरी नवीन आणू. हलकी, सरळ हँडलची. हिला कशाला हात लावायचा?"

"ही माझी आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भिंतीवर होती तोवर वाटायचं, कधीही उतरवू. तुला ती तशीच ठेवायची असेल तर परत टांग. मी नाही बसणार तिच्यासमोर रोज."

ती उठून आत गेली. डावा पाय किंचित ओढत, पण कशाला न धरता.

पुढचे काही दिवस सायकल तशीच स्टँडवर राहिली. दोघं एकमेकांशी बोलत होती. चहा, औषधं, निधीचा बंगळुरूहून फोन. सायकलचा विषय कुणी काढला नाही. मग एका दुपारी वनमाला झोपून उठली, तेव्हा हॉलमध्ये वर्तमानपत्रावर सुटे भाग नीट मांडलेले होते. वाकडं शर्यतीचं हँडल. दोन्ही लिव्हर, त्यातली डावी अजून चकाकत होती. चंद्रप्रकाश एकेक भाग कापडात गुंडाळून खोक्यात ठेवत होता. ती दारात उभी राहिली. त्याने वर पाहिलं नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकला.

भीमराजकडून सामान येऊ लागलं. सरळ हँडल तैवानचं होतं. दोन केबलची लिव्हर कुठली, ते तिच्यावर लिहिलेलंही नव्हतं. अंगठ्याने ढकलायची गिअरची लिव्हर जपानी. पुढे एकच चक्र ठेवलं, म्हणजे डाव्या हाताला काही कामच उरलं नाही. मागचा गिअर तेवढा मूळचा, इटालियन राहू दे, असं चंद्रप्रकाश म्हणाला आणि वनमालाने हो म्हटलं.

तिथेच अडलं. जपानी लिव्हर अंगठ्याने ढकलली, की 'टक' करून ठरावीक केबल ओढायची. ते माप इटालियन गिअरला पटत नव्हतं. पहिल्या दोन चक्रांवर चेन बसायची, तिसऱ्यावर कुरकुरायची, चौथ्यावर दोन दात्यांच्या मधेच लटकायची. चंद्रप्रकाश केबल ढिली करी, ताणी, पुन्हा ढिली करी. एकीकडे जमलं, की दुसरीकडे बिघडे. आयुष्यभर त्याने मापात बसणारे भाग बनवले होते. मापात न बसणारा भाग टूलरूममध्ये लाल रंग लावून बाजूला टाकत.

"नाहीच जमत," तो शेवटी म्हणाला. "दोन कंपन्यांचं एकमेकांना लागत नाही. हाही बदलावा लागेल."

वनमाला खुर्ची ओढून जवळ आली.

"ते टकटक बंद होत नाही का?"

"होतं. ही कडी फिरवली की होतं. पण मग लिव्हर कुठे थांबवायची त्याला काही खूणच राहत नाही."

"आधी तरी कुठे खूण होती? आम्ही कानाने टाकायचो गिअर."

त्याने कडी फिरवली. वनमाला हँडलपाशी सरकली आणि उजवा अंगठा लिव्हरवर ठेवला. चंद्रप्रकाश हाताने पेडल फिरवू लागला. चेन कुरकुरली. तिने मान किंचित कलती केली, लिव्हर केसभर पुढे ढकलली, आवाज वाढला. केसभर मागे घेतली, आणि चेन गप्प झाली. नुसती चाकाची घरघर उरली. तिने पुढचा गिअर टाकला. मग त्याच्या पुढचा. चंद्रप्रकाशने पेडल फिरवणं थांबवलं नाही. तिचे डोळे मिटलेले होते. ओठ दातांखाली धरलेला होता; शर्यतीच्या आधी ती असंच करायची, हे तो विसरून गेला होता.

डावा हात हँडलवरून घसरू नये, म्हणून तळवा टेकायला त्याने स्वतःच एक खोलगट आधार बनवला. मरोळला एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून घेतला, आतून कातडं लावलं. रंगाला रंग जुळत नव्हता, कुठल्या भागाचा कुठल्याशी संबंध नव्हता. त्याने सायकल दोन-तीनदा लांबून पाहिली आणि पान्हे आवरून ठेवले.

इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळी गाड्या निघून गेल्या, की वनमाला सराव करू लागली. तो सीट धरून मागे चाले. ती दोनदा खांबाला टेकली. वॉचमनने बघायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मग एक दिवस ती म्हणाली, "मनोरीला जाऊ."

मनोरीच्या रस्त्यावर ती पूर्वी सराव करायची. चाकं काढून सायकल गाडीत घातली, मार्वेच्या जेट्टीवर उतरवून जोडली आणि बोटीने पलीकडे नेली. आडवार होता. गाव ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला. एका बाजूला वाळत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला माड.

तिने हेल्मेट घातलं. चंद्रप्रकाशने पट्टा लावून दिला. ती बसली, डावा तळवा आधारात ठेवला. त्याने सीट धरली आणि बरोबर पळू लागला.

"सोड," ती म्हणाली.

"अजून थोडं..."

"प्रकाश, सोड."

त्याने हात काढला. सायकल जरा डगमगली, सरळ झाली. गिअर बदलल्याचा आवाज त्याने ऐकला, चेनची कुरकुर आणि मग काहीच नाही. ती वळणापर्यंत दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. काही वेळाने बसला, पुन्हा उठला. एक टेम्पो गेला. वळणापर्यंत चालत जावं असं त्याला वाटलं. थोडं गेला आणि परत फिरला.

ऊन चढू लागलं तेव्हा ती आली. पायी. उजव्या हाताने सायकल धरून, सावकाश. कोपर खरचटलेलं, सलवारीवर गुडघ्याशी माती. हँडल एका बाजूला फिरलं होतं आणि फ्रेमचा निळा रंग खालच्या नळीवर लांबलचक घासला गेला होता.

तो पळतच पुढे गेला. सायकल घ्यायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही.

"पडलीस?"

"हो."

"कुठे?"

वनमालाला दम लागला होता. तिने वळून, आली होती त्या दिशेला पाहिलं.

"लांब," ती म्हणाली.