मिस्त्रींचा पलंग, पाहुण्यांची खोली

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पलंग आहे. माझ्या अंगावर फुलाफुलांची चादर आहे, उशांना इस्त्रीचे अभ्रे आहेत आणि माझ्यावर झोपायला कोणी नाही. हाच थाट म्हणायचा असेल, तर तो लखलाभ असो.

मला मिस्त्रींनी घडवलं. मिस्त्री म्हणजे या घरातले आजोबा. जन्मभर सुतारकाम केलं म्हणून सारी गल्ली त्यांना याच नावानं ओळखते. लोकांची कपाटं आणि दारं करता करता स्वतःसाठी काही करायला त्यांना सवड मिळाली नव्हती. म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा कुठे त्यांनी मला हाती घेतलं. स्टुलावर बसून रंधा मारायचे आणि गुडघ्यांना शिव्या घालायचे. नेहमीच्या पलंगापेक्षा त्यांनी मला चार बोटं उंच ठेवलं आणि उशाशी एक गोल दांडा बसवला. तो धरून ते रोज सकाळी कुणालाही हाक न मारता उठत. अजून कुणाच्या हाताची गरज लागत नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्यांची सगळी ऐट त्या एका गोष्टीवर होती, आणि माझीही.

त्यांचा मुलगा एका सेवाभावी संस्थेचा सचिव. समाजसेवेचं त्याला भारी वेड. घरातली सेवा त्यानं बायकोवर सोपवलेली. एका वर्षी संस्थेकडे परदेशातून परिचारिकांची तुकडी येणार असं ठरलं. त्यांनी इथली हॉस्पिटलं पाहायची, आपलं काम समजावून सांगायचं आणि राहायचं सभासदांच्या घरी. अट एकच, पाहुणीला स्वतंत्र खोली हवी. आपल्याकडे जादा खोली नाही हे ठाऊक असूनही सचिवसाहेबांनी सभेत सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग घरी येऊन वडिलांना म्हणाले, ताईकडे जरा हवापालट करून या.

"किती दिवस?" मिस्त्रींनी एवढंच विचारलं.

"पाहुणी जाईपर्यंत. मग तुमची खोली तुम्हालाच."

पलंगही सोबत पाठव, असं ताईनं सुचवून पाहिलं. मग पाहुणी काय जमिनीवर झोपणार, असं म्हणून भावानं तिला गप्प केलं. म्हातारा पिशवी भरून निघाला.

पाहुणी स्वभावानं लाघवी होती. तिचं काम काय, सांगू? म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच पायांवर कसं उभं ठेवायचं, ते शिकवणं. हसा आता. माझा दांडा पाहून ती हरखून गेली. उठून पाहिलं, बसून पाहिलं, फोटो काढले. हे कुणी केलं, ते कुठे असतात, असं तिनं विचारलं. वडिलांनी केलं, असं मुलानं छाती फुगवून सांगितलं. ते बहिणीकडेच राहतात, त्यांना तिथंच करमतं, असंही सांगून मोकळा झाला. हे खोटं तो माझ्यावर बसून बोलला, आणि मी साधा कुरकुरलोही नाही. मिस्त्रींचं काम तेवढं पक्कं आहे.

पुढे भरल्या सभागृहात तिनं माझा फोटो पडद्यावर दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. सचिवसाहेब माझ्या खोलीत बायकोला ते रंगवून सांगत असतानाच ताईचा फोन आला.

"अरे, बाबा दिवाणावरून उठताना पडले. फार बुटका आहे तो. सारखं माझा पलंग, माझा पलंग करतात. मी त्यांना घेऊन येते."

त्यानं आधी दार लोटलं. "आत्ता नको, ताई. पाहुणीला काय सांगू मी?"

जिचं कामच म्हाताऱ्यांना उभं करणं होतं, ती पाहुणी भिंतीपलीकडे चहा पीत बसली होती. मित्रांनो, त्या क्षणी मला स्वतःच्या लाकडाची लाज वाटली.

पाहुणी डोळे पुसत गेली. सगळ्यात चांगली व्यवस्था याच घरात होती, असं तिनं संस्थेला कळवलं. झालं, आता पुढची तुकडीही इथंच उतरणार. नवे पडदे आले. मिस्त्रींची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. आता बाबांना आणू या ना, असं सुनेनं एकदा विचारलं. पडल्यापासून त्यांना धरून उठवावं लागतं, इथं कोण करणार त्यांचं, असं म्हणून नवऱ्यानं विषय मिटवला.

त्यानंतरच्या रविवारी मिस्त्रींचा फोन आला. मुलगा माझ्यावरच बसला होता. पलीकडचा आवाज फार बारीक झाला होता.

"पाहुणी गेली का रे?"

खोलीत चिटपाखरू नव्हतं. मुलानं चादरीची सुरकुती हातानं सरळ केली. "नाही बाबा. अजून आहे. मुक्काम वाढलाय तिचा."

"असू दे, असू दे. घाई करू नका तिला."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आमची धूळ पुसा, आमची निगा राखा. माझी निगा नको तितकी राखली जाते. माझं मागणं वेगळं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या जागेवरून उठवू नका. उठवलंच, तर निदान त्याला खरं सांगा, वाट पाहायला लावू नका. मिस्त्री अजून दर रविवारी फोन करतात. पाहुणीला झोप नीट लागते ना, असं विचारतात.